प्रवाळ उजळले तो मे महिना

अंदमान बेटे मुख्य भूमीच्या पुष्कळ पूर्वेला असली तरी तिथली घड्याळे भारतीय प्रमाणवेळेनुसारच चालतात, त्यामुळे मे महिन्यात पहाटे पाचच्या सुमारासच उजाडते. समुद्रात काम करणाऱ्यांना ही सोय मोठी आहे, कारण वारा उठण्यापूर्वीचे पहिले दोन-तीन तास पाणी शांत आणि स्वच्छ असते. २०१० च्या मे महिन्यात प्रवाळांच्या नेहमीच्या पाहणीसाठी आमचा छोटा गट हॅवलॉक बेटावर गेला होता. या बेटाचे नाव २०१८ मध्ये ‘स्वराज द्वीप’ असे झाले, परंतु ज्या दिवसाविषयी मी लिहीत आहे त्या दिवशी सर्वजण त्याला हॅवलॉकच म्हणत असत.

आमचे ठिकाण एलिफंट बीच हे होते. एकेकाळी इथे लाकूडतोडीसाठी हत्ती वापरले जात, त्यावरून किनाऱ्याला हे नाव पडले. धक्क्यावरून होडीने तिथे लवकर पोहोचता येते, पण आम्ही साहित्य होडीने पुढे पाठवले आणि स्वतः जंगलातील पायवाटेने निघालो. पाहणीच्या दिवशी शक्य असेल तर मी हीच वाट धरते, कारण बेटाच्या प्रवाळांविषयी काही सांगायचे तर आधी त्यांच्या पाठीशी असलेले जंगल पाहावे लागते. राधानगरच्या रस्त्यावरून आत वळल्यावर थोड्याच अंतरात उजेड कमी होतो. पडौक आणि गर्जन यांचे उंच सरळ बुंधे, त्यांतल्या काहींची फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळे, त्यांवरून चढलेल्या वेली आणि पायाखाली पानांचा जाड थर. त्या सकाळी अंदमानचा काळा सुतार पक्षी वाळक्या खोडावर ठोके देत होता आणि त्याचा आवाज वाटेच्या शेवटापर्यंत आमच्या मागे येत राहिला.

या बेटांवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इतका पाऊस उघड्या उतारावर कोसळला, तर तेथील माती थेट समुद्रात जाईल आणि प्रवाळांवर गाळाचा थर बसेल. प्रवाळांना गाळ सहन होत नाही, कारण त्यांच्या आहाराचा मोठा भाग सूर्यप्रकाशावर अवलंबून असतो. इथे पानांचा थर आणि मुळांचे जाळे पाण्याचा वेग मोडतात, वाटेच्या शेवटी असलेले खारफुटीचे झाड-झुडूप उरलासुरला गाळ अडवते, आणि समुद्रात पोहोचते ते पाणी बऱ्यापैकी नितळ असते. त्या दिवशी ओहळ जवळजवळ कोरडे होते, मोसमी पाऊस यायचा होता आणि किनाऱ्याजवळच्या पाण्यात गढूळपणा अजिबात नव्हता. ही गोष्ट मी सविस्तर सांगते आहे, कारण पुढे जे दिसले त्याचा दोष जमिनीवरच्या कोणत्याही गोष्टीला देता येत नव्हता.

समुद्र तापत असल्याचे आम्हाला आधीपासून माहीत होते. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेचे उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सतत मोजतात. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ त्रासात येतात, असा त्यामागील हिशेब आहे. अंदमान समुद्रात हे चिन्ह एप्रिलपासून दिसत होते. आमचा होडीवाला, ज्याचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांबरोबर या बेटावर वसले होते, त्याला आलेखांची गरज नव्हती. साहित्य उतरवताना तो एवढेच म्हणाला, “दीदी, इस बार पानी में उतरने से ठंडक नहीं लगती.” आमच्या तापमापकाने ३१ अंशांच्या वरचा आकडा दाखवला तेव्हा त्याचे म्हणणे पाटीवर नोंदले गेले, इतकेच.

मी मास्क लावून पाण्यात चेहरा घातला आणि पहिल्या क्षणी जे दिसले ते, खरे सांगायचे तर, विलक्षण सुंदर होते. उथळ पाण्यातील शाखायुक्त प्रवाळांची टोके फिकट जांभळी आणि निळी झाली होती. त्यांच्या पलीकडे एक मेजाएवढी सपाट वसाहत लिंबासारख्या पिवळ्या रंगाने उजळली होती, आणि त्यांच्यामधून शुभ्र पांढऱ्या फांद्यांचे ताटवे पसरले होते. एका समुद्रफुलाचे सगळे शुंडक, म्हणजे तोंडाभोवतीचे सोंडेसारखे बारीक अवयव, पांढरेफटक पडले होते आणि त्यात विदूषक मासा नेहमीसारखा आत-बाहेर करत होता. एरवी ज्या मोठ्या शिंपल्यांची कड गडद निळी-हिरवी आणि ठिपकेदार असते, त्यांतील एकाची कड मधोमध फिकी पडली होती.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. निरोगी प्रवाळभित्ती बहुतेक ठिकाणी तपकिरी असते. काही ठिकाणी ती ऑलिव्ह फळासारखी हिरवट, काही ठिकाणी मातकट पिवळी असते, पण तिचा मूळ रंग तपकिरीच. हा रंग प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा असतो. हे शैवाल प्रकाशसंश्लेषण करून प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग, कित्येकदा नव्वद टक्क्यांपर्यंत, पुरवतात. पाणी फार तापले की शैवालांचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, त्यातून प्राणवायूची हानिकारक रूपे तयार होऊ लागतात आणि प्रवाळ आपल्याच पोशिंद्यांना बाहेर टाकतो. शैवाल गेले की पेशी पारदर्शक होतात आणि आतला चुन्याचा सांगाडा पांढरा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. काही प्रवाळ मात्र पांढरे पडण्याऐवजी निळे, जांभळे, पिवळे होतात. शैवाल कमी झाल्यावर सांगाड्यावरून परावर्तित होणारा प्रकाश पेशींमध्ये वाढतो आणि त्यापासून बचाव करण्यासाठी प्रवाळ रंगीत प्रथिने मोठ्या प्रमाणात तयार करतो. याचे नीट स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडले, पण २०१० च्या त्या सकाळीही एवढे निश्चित ठाऊक होते की हे उजळणे आजाराचे आहे.

काम सुरू झाले. वीस मीटरची फीत किनाऱ्याला समांतर पसरायची आणि दर अर्ध्या मीटरला तिच्या खाली नेमके काय आहे ते पाटीवर शिसपेन्सिलीने लिहायचे, अशी पद्धत असते: जिवंत प्रवाळ, मृत प्रवाळ, वाळू, शैवाल, तुकडे. जिवंत प्रवाळाजवळ रंगपत्रिका धरायची. क्वीन्सलँड विद्यापीठात तयार झालेल्या या पत्रिकेवर चार रंगछटा आणि प्रत्येकीच्या फिक्यापासून गडदपर्यंत सहा पायऱ्या असतात. प्रवाळाची सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद जागा कोणत्या पायरीशी जुळते ते नोंदवायचे. एरवी चार-पाच या पायऱ्या लिहिता लिहिता हात कंटाळतो. त्या दिवशी उथळ पाण्यात एक आणि दोन हेच सर्वांत फिके आकडे पाटीवर एकाखाली एक येत गेले. एका फांदीपाशी मी बराच वेळ थांबले. जवळून पाहिल्यावर पांढऱ्या सांगाड्यावर काचेसारखे पारदर्शक पॉलिप, म्हणजे ज्यांची मिळून प्रवाळाची वसाहत बनते ते इवले प्राणी, स्पष्ट दिसत होते, त्यांतील काहींचे शुंडक किंचित बाहेर आलेले होते. म्हणजे प्राणी जिवंत होता. त्याच्या शेजारी मात्र एका फांदीच्या टोकावर तपकिरी-हिरवा केसाळ शेवाळ धरू लागला होता, आणि तो भाग मृत म्हणून लिहावा लागला. पांढरा आणि मृत यांतील हा भेद नोंदीत चुकला, तर पुढची सगळी तुलना फसते, म्हणून तिथे घाई करून चालत नाही.

खोल उतारावर चित्र थोडे वेगळे होते. गोलसर, दगडासारख्या पोराइटीस प्रवाळांचे माथे फिकट झाले होते, पण त्यांच्या बाजू अजून तपकिरी होत्या. या जातीची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, त्यामुळे माणसाच्या उंचीची वसाहत म्हटली तर तिचे वय शतकाहून अधिक असते. त्या बाजूंवरचा तपकिरी रंग पाहून मला जो दिलासा वाटला, तो वरचे सगळे निळे-जांभळे पाहूनही वाटला नव्हता.

नऊच्या सुमारास धक्क्यावरून पर्यटकांच्या होड्या यायला लागल्या. काही वेळाने मी पाण्याबाहेर आले, तेव्हा जीवरक्षक जाकीट घातलेल्या साठीच्या एक बाई वाळूवर बसून हसत होत्या. आमच्या बोलण्यावरून त्यांनी मला ओळखले आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही मराठी का? अहो, काय सुंदर आहे हो खाली! आमच्याबरोबरचा मुलगा म्हणाला, आज रंग फारच खुललेत. आमचं नशीबच म्हणायचं.”

मला एक क्षण काय बोलावे ते सुचेना. त्यांचा आनंद खरा होता. पहिल्यांदा समुद्राखाली डोकावलेल्या माणसाला तपकिरी असणे म्हणजे निरोगी असणे हे कोणी सांगितलेले नसते, कारण पोस्टरवर, कॅलेंडरवर आणि जाहिरातींत प्रवाळ नेहमी भडक रंगांतच दाखवले जातात. तरीही गप्प राहणे मला योग्य वाटले नाही. आनंद टिकावा म्हणून माणसाला अज्ञानात ठेवणे हा त्याचा मान राखणे नव्हे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटले, “काकू, सुंदर दिसतंय ते खरंच. पण हे रंग त्यांचे नेहमीचे नाहीत. ते आजारी आहेत, म्हणून असे दिसताहेत.”

त्यांचे हसू मावळले. “म्हणजे मेलेत का ते?”

“नाही, उपाशी आहेत. त्यांना अन्न देणारं शैवाल निघून गेलंय. पाणी लवकर गार झालं तर ते परत येईल. नाही झालं, तर काही आठवड्यांत मरतील.”

त्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो इतक्या साधेपणाने मला दुसऱ्या कोणीच कधी विचारला नव्हता: “मग आपल्याला काही देता येत नाही का त्यांना?”

देता येत नाही, हेच उत्तर होते. एवढा समुद्र गार करणे कोणाच्या हाती नाही. पण आजारी प्रवाळावर आणखी ताण पडणार नाही एवढे करता येते, आणि तेच मी त्यांना सांगितले: पाय टेकवण्यासाठी प्रवाळावर उभे राहू नये, वाळू ढवळू नये, माशांना पाव किंवा बिस्किटे टाकू नयेत, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलू नये. शेवटची गोष्ट कायद्यानेही गुन्हा आहे, कारण भित्ती उभारणारे सर्व कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काकूंनी मुठीतला एक पांढरा तुकडा हळूच वाळूवर ठेवला. मग उठल्या आणि आपल्या गटातल्या लोकांना हिंदीत, शिक्षकी सुरात, हे सगळे पुन्हा समजावू लागल्या. छाती एवढ्या पाण्यात प्रवाळाच्या सपाट माथ्यावर उभे राहून छायाचित्र काढून घेणारे दोन तरुण त्यांनी हाक मारून खाली उतरवले. वनरक्षकाच्या सूचनेपेक्षा त्यांच्या हाकेचा परिणाम अधिक झाला, हे मी त्याच्यासमोरच कबूल केले आणि त्यालाही ते मान्य होते.

दुपारी उरलेल्या दोन फिती पूर्ण केल्या. त्यानंतर काही दिवसांतच बंगालच्या उपसागरात ‘लैला’ चक्रीवादळ तयार झाले, आकाश ढगांनी भरले आणि मोसमी वारे सुरू झाले. ढगांमुळे ऊन कमी होते, वाऱ्यामुळे वरचे तापलेले पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळते. प्रवाळांसाठी हीच खरी शुश्रूषा असते, फक्त ती वेळेत पोहोचावी लागते.

पावसाळा सरल्यावर आम्ही त्याच फितींवर परतलो. पोराइटीसच्या बहुतेक वसाहतींचा तपकिरी रंग परत आला होता, काहींच्या माथ्यावर मात्र मृत चकती राहिली होती. उथळ पाण्यातील शाखायुक्त प्रवाळांचे मोठे नुकसान झाले होते. मे महिन्यात ज्या जांभळ्या फांद्या काकूंना आवडल्या होत्या, तिथे शेवाळाने मढलेले सांगाडे उभे होते आणि पोपटमासे त्यांवर चरत होते. पोपटमाशांचे ते चरणे महत्त्वाचे आहे, कारण शेवाळ कमी राहिला तरच तरंगत आलेल्या नव्या प्रवाळ-अळीला बसायला मोकळी जागा मिळते. तिथले पाणी पावसाळ्यानंतरही बरेच नितळ राहिले होते, आणि ते श्रेय मी जंगलाला देते. जंगलाने उष्णता थांबवली नाही, ते त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पण सावरण्यासाठी लागणारी जागा त्याने गाळाखाली जाऊ दिली नाही. म्हणूनच प्रवाळांच्या रक्षणाची चर्चा फक्त समुद्रापुरती ठेवणाऱ्यांशी माझे पटत नाही. बेटावर रस्ता रुंद करण्यासाठी किंवा हॉटेलासाठी उतार उघडा केला जातो, तेव्हा त्याचा परिणाम पुढच्या विरंजनानंतर मोजावा लागतो.

शाखायुक्त प्रवाळांचे मोठे नुकसान झाल्यावर भित्तीला पूर्ववत होण्यास, दुसरा आघात झाला नाही तर, साधारण दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. अंदमानात १९९८ नंतर २०१० मध्ये मोठे विरंजन झाले, आणि २०१६ मध्ये पुन्हा समुद्र तापला. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातील चौथे व्यापक विरंजन सुरू असल्याचे नोआने जाहीर केले. दोन आघातांमधले अंतर कमी होत असल्यामुळे, मोठ्या वसाहतींचे क्षेत्र मोजणे आता पुरेसे राहिलेले नाही. नखाएवढे नवे प्रवाळ कुठे रुजतात, कोणत्या खोलीवर तगतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतले किती टिकतात, ही मोजणी अधिक उपयोगाची ठरते आहे. ते बहुधा जुन्या सांगाड्यांच्या सावलीकडच्या बाजूला आणि खालच्या खोबणींत सापडतात, भिंग घेऊनच शोधावे लागतात, आणि पाहणीतील आमचा सर्वाधिक वेळ आता त्यांच्यावरच खर्च होतो.