लिव्हरवरचं एक अक्षर

सकाळी पावणेनऊला अण्णांचा फोन आला. "भाऊ, मल्चरचा हातोडा उडाला. आधी या, बाकी आल्यावर बोलू." एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला. एरवी फोनवर पाऊसपाणी, द्राक्षाचा भाव असं सगळं झाल्याशिवाय कामाचं न काढणारा माणूस.

एप्रिलचे दिवस, निफाड तालुक्यात खरड छाटणीचा जोर. माझं वर्कशॉप पिंपळगाव रस्त्याला आहे. या दिवसांत सकाळपासून मल्चरचीच रांग असते. द्राक्षाच्या काड्या पूर्वी आम्ही गोळा करून बांधावर टाकायचो, नाहीतर पेटवून द्यायचो. आता मल्चरच्या फिरत्या रोटरवरचे लोखंडी हातोडे त्यांची कुट्टी करतात आणि ती बागेतच ठेवतात. खरड छाटणीत ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत, सगळं उतरवतात, त्यामुळे अंगठ्याएवढ्या जाड, पिकलेल्या काड्यांचा ढीग प्रत्येक गल्लीत पडतो. कंपन्यांच्या कागदावर या मशीनला फ्लेल मोवर लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे सगळे मल्चरच म्हणतात.

बागेत पोचलो तर ट्रॅक्टर गल्लीच्या मधोमध बंद उभा होता. मल्चरच्या मागची रबरी झालर फाटलेली. तिथून तीसेक फुटांवर मजुरांचा पिण्याच्या पाण्याचा निळा जार पडला होता, मुठीएवढं भोक पडून रिकामा झालेला. हातोडा त्याच्याही पुढे मातीत रुतला होता. पेठ-सुरगाण्याकडच्या सात बायका शेजारच्या ओळीत छाटणीला होत्या. दहा मिनिटांपूर्वीच न्याहारीला बांधावर गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्यातल्या एका मावशींनी तो जार उचलून भोकात बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. मी ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली. पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणाऱ्या, मशीनखाली हात घालण्याआधी किल्ली आपल्याच खिशात हवी, हे मी चौदा वर्षं पाळतो.

हे मशीन मीच बसवून दिलेलं. ट्रॅक्टर २४ एचपीचा, मल्चर चार फुटी. गेल्या दीड वर्षात याच मशीनचं रोटरचं बेअरिंग मी दोनदा बदललं होतं. दोन्ही वेळा अण्णांनी मल्चर पिकअपमध्ये घालून आणला आणि मी माझ्या अंगणातल्या ट्रॅक्टरला जोडून चालवून बघितला. माझ्याकडे लोण्यासारखा चालायचा. बागेत परत गेला की आठ दिवसांत तक्रार तीच. थरथरतोय, बेल्ट जळाल्याचा वास येतोय, काड्यांचा ढीग आला की ट्रॅक्टर काळा धूर सोडून दबतोय. बेअरिंगच हलक्या मालाचं असेल असं मी धरून चाललो होतो. त्याच मशीनच्या दोन जागी दोन तऱ्हा होत्या, त्याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

अण्णांना वेगळीच शंका होती. "मशीन मोठं झालं का आपल्या ट्रॅक्टरला? तीन फुटी घ्यायला पाहिजे होतं का?"

मला तसं वाटत नव्हतं. २४ एचपी हे इंजिनचं. पीटीओवर त्यातलं २० च्या आसपास मिळतं. काडीसाठी फुटाला पाच एचपी धरले तर चार फुटीला बरोबर पुरतं, पाच फुटीला नाही. बागही तेच सांगते. त्यांच्या दोन ओळींतलं अंतर नऊ फूट. दोन्हीकडचे बोद, म्हणजे खोडाभोवतीचे मातीचे उंचवटे, सोडले की मधे जेमतेम पाच फुटांची गल्ली राहते, आणि पाच फुटी मशीन वळताना खोडाला लागणार. शिवाय वजन. हातोड्याचा चार फुटी मल्चर अडीचशे किलोच्या पुढे जातो. लहान ट्रॅक्टर तो उचलतो, पण त्याहून लांब-जड मशीन लावलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. तीन फुटी घेतलं असतं तर प्रत्येक गल्लीत दोन फेऱ्या झाल्या असत्या. निवड चुकली नव्हती. पातंही बरोबर होतं. नुसतं गवत कापायचं असेल तर हलकं वाय आकाराचं पातं चांगलं, कमी ताकदीत काम करतं. पिकलेल्या काडीला मात्र जड हातोडाच लागतो.

मशीन लाकडी ठोकळ्यांवर टेकवून खाली बघितलं. रोटरच्या उजव्या टोकाला सुतळी आणि ठिबकच्या लॅटरल नळीचा वीतभर तुकडा गुंडाळलेला, थेट बेअरिंगच्या सीलमध्ये घुसलेला. हे नेहमीचंच. लॅटरल उचलून तारेला बांधल्याशिवाय मल्चर गल्लीत घालू नये, तरी कुठेतरी एखादा तुकडा राहतोच. सुतळी कापली. आतली शाफ्ट तापून निळी-जांभळी पडली होती.

मग हातोडे. एकूण अठरा, एक उडालेला. घरातून द्राक्ष मोजायचा काटा आणायला सांगितला आणि एकेक उतरवून मोजला. सात हातोडे नवे, ८०० ग्रॅमचे. बाकीचे झिजून साडेसहाशेच्या घरात आलेले. सातही नवे एकाच अर्ध्या भागात. ड्रायव्हरने जिथले झिजलेले दिसले तिथले बदलले होते. त्याची चूक कशी म्हणू, हातोडा समोरासमोरच्या जोडीनेच बदलायचा हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं. बोल्टही गावातल्या दुकानातले साधे. तुटलेल्या बोल्टचं डोकं मशीनमध्येच अडकलं होतं, त्यावर जास्त ताकदीच्या बोल्टवर असतो तो ८.८ चा आकडा नव्हता.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. सुतळी, वजन, बोल्ट, तीन कारणं सापडली होती. पण काळा धूर यातल्या कशानेच निघत नाही. आणि माझ्या अंगणात हेच मशीन गुमान का चालायचं, याचं उत्तरही मिळालं नव्हतं.

उडालेल्याच्या समोरचा हातोडाही काढला, उरलेले वजन बघून जोड्यांनी लावले, आणलेले हाय टेन्साइल बोल्ट आणि नायलॉक नट घातले, बेअरिंग बदललं. बेल्टचं कव्हर काढून पुलीवर चमकती पट्टी चिकटवली. बायकांना आणि अण्णांना पार बांधापलीकडे पाठवलं. ड्रायव्हरला म्हटलं, "नेहमी चालवतोस तसंच चालव. मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस." तो सीटवर बसला, फुल रेस दिली. मी बाजूने, मशीनच्या पुढेही नाही आणि मागेही नाही असा उभा राहून फेऱ्या मोजायचा टॅको धरला.

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरला तर या मशीनचा गिअरबॉक्स त्याच्या तिप्पट करतो, पुली सव्वापट करते, म्हणजे रोटर दोन हजारांच्या जरा वर. टॅकोवर आकडा आला २७८०.

मी हात वर करून बंद करायला लावलं. पुन्हा मोजलं. तेच.

सीटजवळ गेलो. पीटीओच्या लिव्हरजवळचा स्टिकर बोर्डो आणि गंधकाच्या थराखाली गाडला गेला होता. दोन वर्षांच्या फवारणीचा निळसर खडूसारखा लेप. नखाने खरवडला. आधी ५४० दिसलं. आणखी खरवडल्यावर त्यापुढे इंग्रजी ई.

५४० ई म्हणजे इकॉनॉमी. कमी रेसवर पीटीओ ५४० ला पोचावा आणि डिझेल वाचावं म्हणून दिलेला गिअर. हलक्या कामाला उत्तम. ड्रायव्हर फवारणीचा ब्लोअर त्यावरच चालवायचा, रेस कमी ठेवून, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. ब्लोअर सोडून मल्चर जोडला तरी लिव्हर तिथेच राहायची. मल्चर देताना मी त्याला बजावलं होतं, "रेस फुल ठेवायची, कमी-जास्त करायची नाही." माझं वाक्य साध्या ५४० ला बरोबर होतं, माझ्या अंगणातला ट्रॅक्टर त्यावरच चालायचा. ई वर फुल रेस म्हणजे पीटीओ सातशेच्या वर.

वेग जेमतेम ३७ टक्के वाढला होता. पण फिरत्या वजनाची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ८०० ग्रॅमचा हातोडा दोन हजार फेऱ्यांना बोल्टला पावणेसहाशे किलोच्या आसपास ओढतो. २७८० ला तीच ओढ अकराशेच्या घरात जाते. त्यात दोन बाजूंच्या वजनात फरक, वर साधा बोल्ट. आणि ई चा गिअर उंच असल्यामुळे ढीग आला की इंजिनाला तो ओढवत नाही. दबणं, धूर, घसरून जळणारा बेल्ट, सगळं त्या एका अक्षरात होतं.

लिव्हर ५४० वर घेतली, रेस जरा उतरवून रोटर २०३० वर आणला. त्याच गल्लीत, सर्वांत हळू गिअरमध्ये, सर्वांत मोठ्या ढिगावर घातला. आवाज जाडसर झाला, पण इंजिन दबलं नाही. मागे काडीचा बोटभर लांबीचा चुरा पडत गेला. अण्णा बांधावरून आले आणि ट्रॅक्टर थांबल्यावर मडगार्डवर तळवा ठेवून उभे राहिले.

"मागच्या दोन्ही वेळचे बेअरिंगचे पैसे परत देतो," मी म्हटलं. ते नको म्हणत होते. मी दिले. ड्रायव्हरने पिवळा ऑइलपेंट आणून लिव्हरच्या ५४० च्या जागेला जाड पट्टा मारला. त्या मावशी जवळ येऊन विचारत होत्या, "आता नाही ना उडायचा?" मी त्यांना काढलेला बोल्ट आणि नवा बोल्ट दोन्ही हातात दिले आणि फरक दाखवला. तरीही मशीन चालू असताना चार ओळी लांबच राहा, असं सांगितलं. येताना नवा जार भरून ठेवून आलो.

त्या रात्री वही काढली. गेल्या तीन वर्षांत मी लहान ट्रॅक्टरना बसवून दिलेले अकरा मल्चर होते. पुढच्या आठवड्यात वर्कशॉप दुपारी बंद ठेवून एकेकाच्या बागेत जाऊन आलो, सोबत टॅको, पत्र्याचा खरवडा आणि पिवळा रंग. अण्णांची धरून चौघांची लिव्हर ई वर होती.