पिकअपचा उघडा फिल्टर: गरमी वेगळी, आवाज वेगळा

सोरतापवाडीला आमची रोपवाटिका आहे. तिथून पुण्यातल्या सोसायट्यांना रोपं, कुंड्या, मातीची पोती पोचवायला मी एक जुनी डबल कॅब पिकअप घेतली. अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बो असलेलं. आधीच्या मालकाने कंपनीचा एअर फिल्टर बॉक्स काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर (कोन) आणि चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप बसवला होता. गाडी दाखवताना मुद्दाम रेस करून त्याने शिट्टी ऐकवली. मला गाडी आवडली, शिट्टी नाही. पण भाव परवडणारा होता.

सोलापूर रोडला तक्रार नव्हती. हडपसर गाडीतळाच्या रांगेत अडकलो की मात्र गाडी मरगळायची. सिग्नल सुटला तरी पहिल्या-दुसऱ्या गिअरला ओढ नाही, मागे हॉर्नचा सपाटा. शिवाय केबिनमध्ये एक घुमणारा आवाज. आई शेजारी बसली की कानावर पदर घ्यायची.

ओळखीच्या मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच निदान केलं, "दादा, टर्बो गेला." टर्बोचं बिल ऐकल्यावर माणूस आपोआप अभ्यासाला लागतो. मी गाडीच्या सेन्सरचे आकडे फोनवर दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी रीडर आणला आणि इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या हवेचं तापमान, बघायला लागलो. माझ्या गाडीत तापमानाचा हा सेन्सर एमएएफमध्येच (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) आहे, फिल्टरच्या लगेच मागे. म्हणजे फिल्टर काय गिळतोय तेच तो आकडा सांगतो. एप्रिलची दुपार, बाहेर ३६ अंश. रस्ता मोकळा असताना आकडा ४३. मगरपट्ट्याच्या पुलाखाली रांगेत उभं राहिल्यावर तोच चढत चढत ६८.

३६ च्या जागी ६८ अंशाची हवा घेतली की तेवढ्याच आकारमानात हवा साधारण नऊ टक्के कमी बसते. टर्बो ती दाबतो तेव्हा ती आणखी तापते. ती उष्णता काढायचं काम इंटरकूलरचं, पण त्यालाही समोरून वारा लागतो, आणि रांगेत वारा कुठला? उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे फेकतो, ती थेट उघड्या कोनवर. बाजूला टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून जळका वायू बाहेर नेणारे पाइप) तापलेले असतातच.

कंपनीचा बॉक्स परत बसवणं हा सरळ उपाय. नाना पेठेत विचारून आलो. दुचाकी-रिक्षाचं काय हवं ते मिळतं तिथे, माझ्या मॉडेलचा बॉक्स नव्हता. नवीन मागवायचा तर किंमत ऐकून गप्प बसलो.

ॲक्सेसरीच्या दुकानात सोनेरी टेप सुचवली, पाइपला गुंडाळायची. गुंडाळली. दिसायला झकास, फरक जेमतेम दोन अंश. नंतर हिशेब केला तेव्हा कारण कळलं. चार स्ट्रोकचं अडीच लिटरचं इंजिन एका फेऱ्यात सव्वा लिटर हवा ओढतं. २००० आरपीएमला टर्बोचा दाब न धरताही सेकंदाला चाळीस लिटरच्या वर. पाइपमध्ये मावते अडीच लिटर. हवा पाइपात थांबतच नाही, तापणार कधी? ती आत शिरायच्या आधीच तापलेली असते. पैसे पाइपवर नाही, फिल्टरभोवती घालायला हवेत.

मग रामटेकडीला एका फॅब्रिकेटरकडे गेलो. आधी पुठ्ठ्याचा साचा केला, त्यावरून दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा बॉक्स. टर्बोकडच्या बाजूला बाहेरून ॲल्युमिनियमचा मुलामा असलेलं फायबरग्लासचं कापड. वरची बाजू उघडी, कारण झाकण बॉनेटचंच. पत्र्याच्या काठाला रबरी बीडिंग लावायचं आणि बॉनेट त्यावर दाबून बसायला हवं. ते बसतंय की नाही हे बॉनेट बंद केल्यावर दिसणार कसं? घरून कणकेचे गोळे नेले, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून काठावर ठेवले, बॉनेट लावलं, उघडलं. मागच्या कोपऱ्यातला गोळा जसाच्या तसा. तिथे बोटभर फट होती. फॅब्रिकेटर हसला, पण पत्रा वाढवून दिला.

बॉक्स बंद केला तर हवा कुठून येणार? कंपनीचं मूळ तोंड रेडिएटरच्या शेजारी, हेडलाइटच्या उंचीवर, रिकामंच पडलं होतं. तीन इंची होजने ते बॉक्सला जोडलं. खाली बंपरमध्ये हवा आणखी गार मिळते असं सांगणारे भेटतात. फुरसुंगीकडे पावसात रस्त्यावर पाणी साचतं ते मी बघितलंय. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-चार अंशांसाठी तो जुगार कशाला? बॉक्सच्या तळाला पाणी निघायला एक बारीक भोकही पाडून घेतलं.

त्याच रांगेत, तशाच उन्हात आता आकडा ५० च्या आसपास राहतो आणि गाडी हलली की झपाट्याने उतरतो. ओढ परत आली. टर्बोला हातही लावला नाही.

बॉक्समुळे शिट्टी बरीच दबली. कॉम्प्रेसरचा तो बारीक आवाज फिल्टरमधून उलटा बाहेर येतो, पत्र्याने तो अडवला. घुमणारा आवाज मात्र तसाच! फोनच्या ॲपवर बघितलं तर २००० आरपीएमला सगळ्यात जोराचा आवाज ६७ हर्ट्झच्या (सेकंदाला ६७ कंपनांच्या) जवळ. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. २००० आरपीएमला सेकंदाला साधारण ६७. म्हणजे हा फिल्टरचा आवाज नव्हेच, इंजिनची थरथर कुठूनतरी बॉडीत शिरत होती. पाइपचं ब्रॅकेट बघितलं तर एक टोक इंजिनला, दुसरं सरळ बोल्टने फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला), मध्ये रबराचा पत्ता नाही. दोन रबरी बुश टाकले, ॲल्युमिनियमचा सांधा काढून सिलिकॉनचा लवचिक होज लावला. ॲपवर ७६ चे ७० डेसिबल झाले. फोनचं मोजमाप तंतोतंत नसतं, पण आधी-नंतर ताडून बघायला पुरतं.

कार ऑडिओवाला बॉनेटला आतून सोफ्याचा स्पंज चिकटवून द्यायला तयार होता. टर्बोच्या वर स्पंज! मी हात जोडले. जळायचा धोका आहेच, आणि त्याचे तुकडे फिल्टरवर जाऊन बसले तर वेगळीच डोकेदुखी.

कॉटनचा तेल लावलेला फिल्टर काढून कोरडा घेतला. जुन्याचं तेल जास्त झालं तर एमएएफच्या गरम तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं. सेन्सर त्यासाठीच्या स्प्रेने साफ केला, बोट किंवा कापड न लावता. आमच्याकडची लाल माती बघता फिल्टरचा क्लॅम्प मी दर सर्व्हिसिंगला सोडून पाइपाच्या आतून पांढरं फडकं फिरवतो, धूळ आत शिरत नाही ना ते बघायला.

पुण्यात पोलिसांची नजर बुलेटच्या सायलेन्सरवर असते, एअर फिल्टरला कोणी विचारत नाही. तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, हे डोक्यात होतंच. त्यामुळे भंगारवाल्याला माझ्या मॉडेलचा मूळ बॉक्स बघायला सांगून ठेवलाय. दिवेघाट चढताना शिट्टी अजून थोडी येते. आई आता खिडकी उघडून बसते आणि मला गाडी हळू चालव म्हणते.