बाईंनी थांबवलेली कॅसेट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या इंग्रजीच्या बाई. बाकीच्यांबद्दल बाकीचे लिहितीलच, मी बाईंबद्दलच लिहिणार.

दहावीची पूर्वपरीक्षा झाली होती. बाईंनी पदरचे पैसे घालून व्हीसीआर भाड्यानं आणला, चित्रकलेच्या वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधल्या आणि ‘डेडलाइन यूएसए’ लावला. रिचर्ड ब्रूक्सचा 1952 चा चित्रपट. विकायला निघालेलं दैनिक आणि संपादकाच्या भूमिकेत हम्फ्री बोगार्ट. संवाद आम्हाला निम्मेच कळत होते. बाईंनी एका जागी कॅसेट थांबवली. पेपर बंद पडणार म्हणून सगळे दारू पीत बसलेत आणि त्यात एक मुरलेली बातमीदार बाई आपला हिशेब मांडते: चौदा वर्षं या पेपरात गेली, पॅरिस बघायचं राहून गेलं, तरी ही वर्षं बदलून नकोत.

“आता पुढे मोजत बसा,” बाई म्हणाल्या. “या कचेरीत कोण कोण आहे?”

चित्रपट संपल्यावर त्यांनी माझी वही उचलली. मी लिहिलं होतं, ‘बाई : 1’. बाईंनी पेन्सिलीनं खाली दोन नावं घातली. पेपरची मालकीण मिसेस गॅरिसन आणि खून झालेल्या मुलीची डायरी घेऊन येणारी परदेशातून आलेली आई, मिसेस श्मिट. ती पोलिसांकडे न जाता पेपरात येते, कारण याच पेपरावर ती इंग्रजी वाचायला शिकली. “मालकीण बाई, वाचक बाई, आणि बातमी लिहिणारी एकच?” मग त्यांनी आणखी एक ओळ ओढली, ‘कृष्णवर्णीय बातमीदार’, आणि पुढची जागा मोकळी ठेवली.

त्या मोकळ्या जागेचा अर्थ मला नोकरीत आल्यावर लागला. मार्वल कुक ही कृष्णवर्णीय बातमीदार 1950 मध्येच न्यूयॉर्कच्या ‘डेली कंपास’मध्ये, गोऱ्यांच्या दैनिकात, काम करत होती. म्हणजे अशी बाई त्या शहरात होती, पडद्यावर मात्र आली नाही. अमेरिकेतल्या वांशिक दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगानं तर 1968 च्या अहवालात लिहूनच ठेवलंय की तिथल्या वृत्तव्यवसायातल्या संपादकीय कामात कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहूनही कमी होते. आणि आपल्याकडे? बाबासाहेबांना 1920 मध्ये ‘मूकनायक’ स्वतःच काढावा लागला, हेही बाईंनीच त्या दिवशी सांगितलं होतं.

आज मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीचं काम बघते. डेस्कवर आम्ही चौघी आहोत, त्यातली एक पारधी वस्तीवरून येते. गेल्या वर्षी तिची पहिली बायलाइन, म्हणजे बातमीवर तिचं नाव, छापून आली तेव्हा बाईंना फोन लावावासा वाटला, पण बाई तोवर गेल्या होत्या.

चित्रकलेचा वर्ग आता पाडलाय, तिथे संगणक कक्ष झालाय. वही माझ्याकडे आहे. पेन्सिलीची अक्षरं पुसट झालीत, तरी वाचता येतात.