साथीच्या स्मारकावर नावे कोरावीत का?

सार्वजनिक जागांचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि साथीत गेलेल्यांच्या स्मारकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर्वांची नावे दगडात कोरणार ना? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून सांगतो, नावे असावीत असेच मलाही वाटते. शंका आहे ती दगडाविषयी.

युद्धात पडलेल्या सैनिकाची नोंद बहुधा सैन्याकडे असते, आणि युद्ध कधीतरी संपल्याचे जाहीर होते. साथीचे तसे नसते. चाचणीच न झाल्यामुळे कित्येकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्या आजाराचा उल्लेखही नसतो, काही घरांत लोकलज्जेपायी त्याचे नाव उच्चारले जात नाही, आणि जे वाचले पण पुन्हा पूर्वीसारखे उभे राहू शकले नाहीत, त्यांना तर कोणतीच यादी सामावून घेत नाही. अशा वेळी कोरीव यादी पाहणाऱ्याला पूर्ण वाटते, आणि तिच्यात आपले माणूस शोधूनही न सापडलेला नातेवाईक तिथून अधिकच एकटा होऊन परततो.

व्हिएन्नामध्ये १६७९ च्या प्लेगनंतर उभारलेल्या स्तंभावर सम्राट लिओपोल्ड पहिला गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतो. शिल्प देखणे आहे, पण मेलेली सामान्य माणसे त्यात मला सापडत नाहीत. याउलट १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली एड्सची स्मृती-गोधडी पाहा. तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढा, आणि तो बहुतेक वेळा आप्तांनी किंवा मित्रांनी स्वतः शिवलेला असतो. साथ ऐन भरात असताना सुरू झालेल्या या स्मारकात नवा तुकडा केव्हाही जोडता येतो.

लंडनमध्ये थेम्सच्या काठी, संसदेसमोरच्या भिंतीवर, मार्च २०२१ पासून शोकाकुल कुटुंबांनी कोविडने गेलेल्या प्रत्येकासाठी एक लाल बदाम रंगवायला घेतला. तो रंग फिका पडतो आणि स्वयंसेवक तो पुन्हा भरतात. बांधकामाच्या दृष्टीने हा दोषच, पण त्या निमित्ताने कोणीतरी भिंतीपाशी जाऊन एकेका बदामासमोर थांबते, आणि हे थांबणे मला संगमरवराहून मोलाचे वाटते.

त्यामुळे स्मारकाचे काम सांगायला येणाऱ्यांना मी आधी विचारतो, की दहा वर्षांनी एखादी मुलगी वडिलांचे नाव घेऊन आली तर ते कोण लावून देणार, आणि त्या देखभालीची तरतूद कशातून होणार. एखाद्या कुटुंबाला नाव काढून घ्यावेसे वाटले, तर तीही मुभा हवी. म्हणून पाट्या सुट्या असाव्यात, आणि काही कोऱ्या असाव्यात.