वेल्सचे नाना फडणवीस: चेहरा जमला, आता मलमल

मंडळी, एका जुन्या चित्रावरून मी तेलरंगात नाना फडणवीस रंगवतोय, ते काम अंडरपेंटिंगच्या, म्हणजे खालच्या पायाच्या थराच्या, पुढे सरकलंय. मूळ चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचं, १७९२चं, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत. त्यात सवाई माधवराव आणि नाना बसलेत, मागे सेवक. मी फक्त नानांचं डोकं आणि खांदे घेतलेत. पेशवे तेव्हा अठराच्या आसपास, नाना पन्नाशीचे, आणि कारभार सगळा नानांच्या हातात. मला त्या चेहऱ्यातच रस आहे.

अंडरपेंटिंग रॉ अंबर या तपकिरी रंगात केलं. अंबर लवकर वाळतो, त्यामुळे वरचे थर चढवायला फार थांबावं लागत नाही. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ, पुढचे क्रमाक्रमाने जास्त तेलाचे. त्वचेसाठी यलो ओकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). उजेड जिथे सावलीकडे वळतो तिथे आयव्हरी ब्लॅक आणि पांढऱ्याचा पातळ राखाडी थर दिला. सावळ्या त्वचेवर तो निळसर भासतो आणि गालाच्या हाडाखालचा खळगा आपोआप खोल जातो. निळा रंग घ्यायची गरजच पडली नाही. चेहऱ्यातला हा भाग मला सगळ्यात आवडतो. नानांचा काटकपणा तिथेच दिसतो.

खरी परीक्षा पांढऱ्या कपड्यांची. वेल्सच्या काळी लेड व्हाइट म्हणजे शिशाचा पांढरा असायचा, जरा उबदार आणि कमी झाकणारा. टिटॅनियम व्हाइट विसाव्या शतकातला. तो थेट लावला की मलमल खडूसारखी दिसते आणि चेहरा मागे पडतो. म्हणून त्यात कणभर ओकर घालतोय, आणि ट्यूबमधला शुद्ध पांढरा खांद्यावरच्या एका चुणीपुरता राखून ठेवलाय. बाकी सगळं राखाडीच, तरी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर शुभ्र वाटतं.

वेल्सला पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटचा आश्रय होता. पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट वेल्सच्या हाताखाली काम करायचे. त्यांची स्केचेस अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. ती जरूर बघा. पुण्याच्या चित्रकलेत तांबटांचं नाव वेल्सइतक्याच आदराने घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

पगडीला अजून हात लावलेला नाही. खांद्याचा थर वाळला की तिकडे वळेन. कापडाच्या घड्यांसाठी सरळ कडेचा चपटा ब्रश बरा की गोलसर टोकाचा फिल्बर्ट? ज्यांनी पगड्या रंगवल्यात त्यांनी सांगा.