खांद्यावरून गेलेले घर

मध्य जावातील क्लातेन जिल्ह्यात, मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरील एका लहान गावात, गेल्या वर्षी जूनमध्ये मी नऊ दिवस राहिले. माझा भाचा योग्यकार्ता येथे शिकतो आणि त्याच्या घरमालकिणीचे माहेर त्या गावात आहे, एवढेच निमित्त. इकडे गोव्यात, फोंड्यात, मृग लागून पागोळ्या सुरू झाल्या होत्या. तिकडे कोरडा ऋतू होता, आणि कोरड्या ऋतूत तिथली माणसे घरे बांधतात किंवा, मला तिसऱ्या दिवशी कळले त्याप्रमाणे, हलवतात.

त्या सकाळी तीसेक पुरुष एका घराभोवती जमले, कौले उतरवून बायकामुलांच्या रांगेत हातोहात पुढे दिली गेली, बांबूच्या विणलेल्या भिंती चटयांसारख्या बाजूला ठेवल्या गेल्या, आणि मग सागवानी खांब, तुळया आणि वासे एकेक करून सांध्यांतून सुटे झाले. मुख्य सांगाड्यात खिळा जवळजवळ नव्हताच. कुसू आणि खाचा यांवर सगळे उभे होते. दुपारपर्यंत ते घर खांद्यांवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि संध्याकाळी तिथे त्याचा सांगाडा उभा राहिला. या सामुदायिक कामाला ‘साम्बातान’ म्हणतात. त्यात मजुरी नसते, जेवण असते, आणि आज कोण आले होते याची नोंद प्रत्येकाच्या डोक्यात पक्की राहते, कारण उद्या त्याच्याकडे आपल्याला जायचे असते.

घर का हलवले, तर दोन भावांत वाटणी झाली होती. जागा थोरल्याच्या वाट्याला आली आणि घर धाकट्याच्या, म्हणून धाकटा आपले घर उचलून बायकोच्या जागेत घेऊन गेला. भांडण झाले होते का, असे मी विचारले तेव्हा यजमान घरच्या आजींना माझा प्रश्नच नीट कळला नाही. (आजीला तिकडे ‘म्बाह’ म्हणतात, नवव्या दिवसापर्यंत मीही तसेच म्हणू लागले होते.) घर त्याचे होते, ते त्याने नेले, त्यात भांडण्यासारखे काय, असा त्यांचा चेहरा होता.

मी चिऱ्यांच्या घरात वाढले. आमच्या घराचे जोते कंबरेइतके उंच आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते जमिनीतूनच उगवलेले आहे. आपल्या भाषेत मालमत्तेचे दोन वर्ग आहेत, स्थावर आणि जंगम, आणि घर हे स्थावरांतले स्थावर. जावाच्या परंपरागत कायद्यात, ज्याला ‘आदात’ म्हणतात, जमीन आणि जमिनीवर उभे असलेले यांचा संबंध सुटा असतो. जमीन एकाची, तिच्यावरचे घर दुसऱ्याचे, कुंपणावरचा फणस तिसऱ्याचा आणि या हंगामातले पीक चौथ्याचे असू शकते, आणि यात कोणालाही विपरीत वाटत नाही. मालमत्तेसाठी त्यांचा शब्द ‘हार्ता’ आहे, तो आपल्या ‘अर्थ’ या शब्दावरून गेलेला आहे. गावाला ते ‘देसा’ म्हणतात, तो आपला ‘देश’. शब्द आपल्याकडचे असले तरी त्यांनी त्यांत भरलेला व्यवहार त्यांचा स्वतःचा आहे.

दुसऱ्याच्या जागेत स्वतःचे घर बांधून राहणाऱ्याला त्या भागात ‘मागरसारी’ किंवा ‘ङिंदुंग’ म्हणतात. मालकाच्या घरी कार्य असले की त्याने राबायला जायचे, हा अलिखित करार. गोव्यातल्या वाचकाला पुढचे सांगायलाच नको: हा आपला मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (बागेत) घर, बदल्यात राखण आणि हाताखालची कामे. आपल्याकडे १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घर आणि भोवतीची थोडी जागा विकत घेण्याचा हक्क दिला, आणि तो दिला हे फार चांगले झाले, कारण भाटकाराची मर्जी हा राहत्या घराचा पाया असू नये. तरीही हे नोंदवते की तो कायदा येताच आमच्याकडे घर आणि जमीन ही एकाच मालकाची असलीच पाहिजेत असे दोन्ही बाजूंना वाटू लागले, आणि ज्यांची घरे पन्नास वर्षे एकमेकांच्या हाकेवर होती त्यांच्यात गडग्यावरून दावे लागले.

घराभोवतीची बाग, ‘पेकारांगान’, पाहून मला परकेपणा वाटला नाही. खाली हळद, आले आणि सुरण, वर केळी आणि पपई, त्यावर जांब आणि फणस, सर्वांवर नारळ. आमच्या कुळागरातून पोफळी आणि मिरवेल वजा केली की जवळपास हेच उरते. फरक आकाराचा आहे. जावा बेटावर २०२० च्या जनगणनेनुसार १५ कोटींहून अधिक माणसे राहतात, म्हणजे दर चौरस किलोमीटरला हजाराहून जास्त. २०११ च्या जनगणनेत गोव्याचा हाच आकडा ३९४ होता. त्यामुळे तिकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमिनीचा शेतकरी हा अपवाद नसून नियम आहे. सरकारी भाषेतही त्याला ‘गुरेम’ म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची ऊ. आपल्या कृषी खात्याने असा शब्द वापरण्याचे धाडस केले असते का, याचा मी परतीच्या विमानात बराच वेळ विचार केला.

यजमानांची भातशेती, ‘सावाह’, सुमारे तीन हजार चौरस मीटर. त्यातला अर्धा भाग ते स्वतः करतात आणि उरलेला शेजाऱ्याला ‘मारो’ पद्धतीने देतात, म्हणजे पीक निम्मे-निम्मे. तिसऱ्या हिश्शाच्या करारालाही वेगळे नाव आहे. गोठ्यातली गाय त्यांची नव्हतीच. ती गावातल्या एका शिक्षकाची होती आणि ‘गादुह’ पद्धतीने यांच्याकडे वाढत होती: वैरण-पाणी यांचे, आणि पहिले वासरू एकाचे तर दुसरे दुसऱ्याचे. बचत बँकेपेक्षा अशा गोष्टींत असते. पलीकडच्या गुनुंग किदुल या चुनखडीच्या डोंगराळ भागात शेतकरी बांधावर साग लावतात आणि मुलाची फी किंवा मुलीचे लग्न आले की गरजेपुरते झाड तोडतात. वनखात्याची माणसे या सवयीवर नाराज असतात, कारण साग पुरता वाढण्याआधीच विकला जातो. गरज मात्र सागाच्या वाढीची वाट पाहत नाही.

हे सगळे ऐकून गाव म्हणजे सुखी समाजाचा देखावा वाटेल, म्हणून कापणीचे सांगते. पूर्वी भात ‘आनी-आनी’ या तळहातात लपणाऱ्या लहान पात्याने, एकेक लोंबी खुडून कापले जाई, कारण भाताची देवता देवी स्री, म्हणजे आपली श्रीच, मोठे हत्यार पाहून घाबरेल अशी श्रद्धा. त्या कामाला खूप हात लागत आणि पिकल्या शेतात येऊ पाहणाऱ्या बाईला सहसा परत पाठवले जात नसे. तिला कापलेल्या भाताचा ठरावीक वाटा, ‘बावोन’, मिळे. भूमिहीन घराचा गावच्या शेतावरचा हक्क तो एवढाच, पण तो हक्क होता. हरित क्रांतीबरोबर बुटक्या जातीचे भात आले, त्याला विळा सोयीचा पडला, आणि १९७० च्या दशकापासून शेतकरी उभे पीकच व्यापाऱ्याला विकू लागले. तो व्यापारी आपली टोळी घेऊन येतो आणि गावच्या बायका बांधावर उभ्या राहतात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, कारण शेजारणीला नाही म्हणण्याची नामुष्की व्यापारी विकत घेतो. इंडोनेशिया १९८० च्या दशकाच्या मध्यात तांदळात स्वयंपूर्ण झाला, त्या यशामागचा हा एक हिशेब आहे.

वारशाच्या बाबतीत म्बाहनी मला दोन रीती सांगितल्या. ‘सपिकुल सगेंदोंग’ म्हणजे मुलाला कावडीचे ओझे आणि मुलीला पाठीवरचे. कावडीला दोन टोपल्या असतात, म्हणून मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. दुसरी रीत सरळ समान वाटपाची. गाव मुसलमान असल्यामुळे पहिली रीत धर्माशीही जुळते. तरीही अनेक घरांत, त्यांच्या घरातही, वाटे समान झाले होते आणि आईवडिलांचे घर त्यांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या धाकट्या मुलीला मिळाले होते. नवराबायकोच्या मालमत्तेचेही दोन भाग असतात. लग्नाआधी ज्याने जे आणले ते त्याचे, आणि लग्नानंतर दोघांनी मिळून कमावले ते ‘गोनो-गिनी’, दोघांचे. आमच्याकडे पोर्तुगीज दिवाणी कायद्यामुळे लग्नाबरोबर सगळेच निम्मे-निम्मे होते, मुली समान वारस असतात, आणि कोणताही बाप आपल्या हिश्शाच्या अर्ध्यापलीकडे मृत्युपत्राने मुलांपासून काढून घेऊ शकत नाही, असे मी सांगितले तेव्हा म्बाहनी पसंतीची मान हलवली. मग त्यांनी विचारले, “मग तुमच्या मुली माहेरची शेती करतात का?” मी गप्प राहिले. वडील गेल्यावर आमच्याकडे इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांत वाटणी करण्याचे न्यायालयीन, काम चालले त्याला सहा वर्षे लागली, आणि त्या सहा वर्षांत आमचे वायंगणाचे शेत कोणीच केले नाही, मीही नाही.

गावचा मुख्य, ‘लुराह’, याला गावाने द्यायचा मोबदला रूढीने जमिनीत असे. ‘बेंगकोक’ नावाची ही जमीन पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते. चिटणीस, वाडीचा प्रमुख, पाटाच्या पाण्याचा अधिकारी, प्रत्येकाचा तुकडा ठरलेला. गावाच्या खजिन्याची जमीन आणखी वेगळी. २०१४ च्या ग्रामकायद्याने गावाला थेट निधी मिळू लागला आणि बेंगकोकचे उत्पन्न गावच्या अंदाजपत्रकात आणावे की नाही यावर ठिकठिकाणी वाद झाले. मला अर्थातच आमची गावकरी ही गावसंस्था आठवली, जिला कागदावर कोमुनिदाद म्हणतात. पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत तिचे रिवाज नोंदवले, पण ती त्यांच्याहून जुनी: जमीन गावाची, शेते पावणीने (लिलावाने) द्यायची, बांध-मानशी (बांधांतली पाण्याची दारे) आणि देवळाचा खर्च भागवून उरलेल्यातून गावकऱ्यांना ‘जण’ वाटायचा. दोन्हीकडे वसाहतवाल्यांनी ही व्यवस्था मोडली नाही, वापरली. डचांनी १८३० पासून गावांना जमिनीचा पाचवा भाग ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यायला लावला, आणि ज्याच्याकडे जमीन त्याच्यावर वेठ, म्हणून अनेक गावांनी जमीन अधिक घरांत विभागून ओझेही विभागले. सामायिक मालकीला आपण सामायिक प्रेमाचे फळ समजतो. कधी कधी ती सामायिक कराची युक्ती असते.

कागद तिकडेही आला. डचांच्या काळातील करनोंदीची वही, ‘लेटर सी’, गावाच्या कचेरीत असते आणि तिच्यातल्या नावालाच लोक मालकीचा पुरावा मानत आले. २४ सप्टेंबर १९६० रोजी मूलभूत कृषी कायदा झाला, त्याच वर्षी बटाईचा आणि जमीनधारणेच्या मर्यादेचाही. त्यातले एक कलम मला विलक्षण वाटते: गहाण पडलेले शेत सावकाराकडे सात वर्षे राहिले, तर त्याने ते काहीही न घेता परत करायचे, कारण तोपर्यंत पिकातून त्याचे कर्ज फिटलेले असते. हे कायदे अमलात येईनात, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेने १९६४ च्या सुमारास शेतांवर थेट ताबे घेणे सुरू केले, आणि त्यात क्लातेन पुढे होते. १९६५-६६ मध्ये सैन्याच्या आशीर्वादाने देशभर जी कत्तल झाली, तिच्यात लाखो माणसे गेली. म्बाह तेव्हा वयात येणारी मुलगी होत्या. मी तो विषय काढला, तेव्हा त्यांनी शेंगा सोलण्याचे थांबवले नाही, फक्त सुनेला सांगितले की पाहुणीचा चहा निवला आहे. आमचे कूळ कायद्याचे वाद १९६४ पासून विधानसभेत आणि न्यायालयांत रेंगाळले, त्यावर मी आजवर पुष्कळ कुरकुर केली आहे. ती कुरकुर त्या दिवशी मला फार स्वस्त वाटली.

१९६१ च्या नियमाने तिथे शेतजमिनीचा मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा असावा लागतो, आणि परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळतच नाही. पळवाटा आहेत, दुसऱ्याच्या नावावर खरेदी होते, हे गावात सगळ्यांना माहीत असते. गोव्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला तो २०२३ मध्ये, निम्म्या टेकड्या दिल्ली-मुंबईच्या नावावर चढल्यानंतर. (निम्म्या हा माझा वैताग आहे, आकडेवारी नव्हे.) आणि तशी मीही पणजीत राहून फोंड्यातल्या शेताची मालकीण आहे; जावाच्या नियमाने मला ते विकावे लागले असते किंवा परत राहायला जावे लागले असते.

परत आल्यावर जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढून मी नीट वाचला. आमच्या भाटाच्या उत्तरेच्या गडग्यालगत एक बरका फणस आहे. झाड आमच्या जमिनीत आहे, पण फळे शेजारच्या पूर्वीच्या मुंडकाराच्या घरची, कारण ते त्यांच्या आजोबांनी लावले, असे आजोबांच्या काळापासून ठरलेले. उताऱ्यात ‘इतर हक्क’ असा रकाना आहे आणि तो कोरा आहे. काकांना विचारले, तर ते म्हणाले, “बाय, ते लिहायला गेलीस तर आधी त्यांना वाटेल की तू काढून घेणार आहेस.” म्हणून रकाना तसाच ठेवला. या मे महिन्यात त्यांची सून फणस काढायला आली, तेव्हा शिडी धरायला मी गेले होते; जाताना तिने नेहमीप्रमाणे दोन फणस आमच्या ओसरीवर ठेवले.