एंप्लीची पाठ

पुढून पाहिलं तर आमच्या बैठकीच्या खोलीतला रिसीव्हर मोठा रुबाबदार आहे. चंदेरी पट्टी, जाडजूड बटणं, रेडिओच्या सरकत्या काट्यामागे पिवळसर दिवा. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, धाकट्या भावाने मस्कतहून येताना आणलेला हा जपानी ऐवज घरात ‘एंप्ली’ (अँप्लिफायर, आवाज वाढवणारं यंत्र) याच नावाने ओळखला जातो आणि त्याच्यावर बारा महिने सोलापुरी चादरीचा एक कापलेला तुकडा पांघरलेला असतो. मागून पाहिलं की सगळा रुबाब उतरतो. धूळ, जळमटं, पालीची वाळकी अंडी आणि लाल-पांढऱ्या भोकांच्या जोड्यांची रांग. पण कॉम्प्युटरचा आवाज या पेटीत घालायचा, तर ओळख पाठीशीच करून घ्यावी लागते.

आणि घालायचा कशाला? तर लॅपटॉपच्या पोटातले स्पीकर जेमतेम रुपयाएवढे. खालचे सूर ऐकू यायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते. ती त्यांच्या बसची गोष्ट नाही. त्यांच्यातून तबला ऐकला तर चाट-शाई स्वच्छ कळते, डग्गा वाजला अशी मात्र फक्त बातमी येते. इकडे आठ-आठ इंची स्पीकर असलेले दोन लाकडी खोके कोपऱ्यात उभे, त्यांच्यावर कुंड्या.

लागणारी वायर अगदी साधी. एका टोकाला 3.5 मिलिमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना. लाल उजवी, पांढरी डावी. छोट्या पिनेवर दोन काळी कडी असतात, त्यांनी तिचे तीन भाग पडतात: टोक डाव्या आवाजाचं, मधला पट्टा उजव्याचं, आणि मागचा भाग दोघांचं सामाईक ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट. या पिनेचं कुळ थेट एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत जातं. ऑपरेटर बायका ज्या जाड पिना या भोकातून उपसून त्या भोकात खुपसायच्या, त्यांचाच हा आटत आटत गेलेला वंश. आरसीए ही रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीची आद्याक्षरं. तिच्या रेडिओ-ग्रामोफोनमध्ये ही पिन पहिल्यांदा आली. म्हणजे दोन्ही टोकांना म्हाताऱ्याच पिना, आणि मधून जातं काल रात्री कोणीतरी इंटरनेटवर चढवलेलं गाणं.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात वायर मागितली तेव्हा दुकानदाराने आधी माझ्यामागे कोणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं.

“मॅडम, ब्लूटूथ घ्या की. वायर कोण लावायलंय आता?”

“मी लावायलेय,” म्हटलं.

ब्लूटूथशी माझं भांडण नाही. गाणी त्यावर छान वाजतात. पण आवाज आधी दाबून बारीक करायचा, हवेतून धाडायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा, यात थोडा वेळ जातो. व्हिडिओ पाहताना गायकाचे ओठ आधी मिटतात आणि सम मागून येते. त्यापेक्षा दीड-दोनशेची वायर बरी. तिला चार्जिंग लागत नाही आणि ‘पेअर’ होण्यासाठी विनवण्या कराव्या लागत नाहीत. सोन्याचा मुलामा दिलेली महाग वायरही त्याने दाखवली. दोन-तीन मीटर अंतरासाठी त्या मुलाम्याने माझ्या कानांना काही फरक पडला नसता, त्याच्या गल्ल्याला पडला असता.

आता पाठ. तिथे टेप, ट्यूनर, ऑक्स, फोनो अशी नावं कोरलेली असतात. ऑक्स, म्हणजे बाहेरचं कुठलंही यंत्र जोडायची जोडी, ती घ्या, सीडी असेल तर ती घ्या, टेपची ‘इन’ किंवा ‘प्ले’ म्हणणारी जोडी घ्या. यातली कुठलीही चालते. फोनोला मात्र हात लावू नये. ती जोडी फक्त ग्रामोफोनच्या तबकडीच्या सुईसाठी असते. सुईतून येणारा आवाज इतका क्षीण, की फोनो त्याला आधी शंभरेक पट वाढवतो. शिवाय तबकडी कोरताना बास, म्हणजे खालचे सूर, मुद्दाम कमी आणि ट्रेबल, म्हणजे वरचे, मुद्दाम जास्त ठेवलेले असतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील आणि सुईची खरखर वर येईल. किती कमी, किती जास्त याचं माप 1954 साली अमेरिकेत ठरलं. फोनो ते माप बरोबर उलटं फिरवतो. कॉम्प्युटरचा धडधाकट आवाज तिथे दिला तर तो फाटतो आणि वर नुसता बासाचा चिखल होतो.

कॉम्प्युटरच्या अंगाला तेवढा गोंधळ नाही. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला हिरवं भोक आवाज बाहेर काढायचं, गुलाबी माइकचं. लॅपटॉपला मिळून एकच. ते मुळात हेडफोनचं असतं, म्हणून काहींना धाकधूक वाटते की एंप्लीला ते झेपेल का. झेपतं. हेडफोनला हलवायला थोडी ताकद लागते. ऑक्सला नुसतं व्होल्टेज दिसलं की पुरे, विजेचा प्रवाह तो जवळजवळ ओढतच नाही. उलटं मात्र कधी करू नये. एंप्लीच्या स्पीकरच्या तारा कॉम्प्युटरच्या भोकात घातल्या तर लॅपटॉपची तेरावीच.

आवाज आला. खोके इतक्या वर्षांनी खोकलेही नाहीत. पण गाण्याच्या मागे एक सलग ‘हूंऽऽ’ ऐकू येत होतं. मी वायर हलवत बसले, आणि अण्णा आतून म्हणाले, “पंचम कोण लावून बसलंय?”

अण्णा भजनी मंडळात पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी सा धरून, गातात. त्यांचा कान बरोबर होता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची, आणि तिची गुणगुण 50 च्या जोडीला 100 वरही उमटते. पांढरी एकचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, येतो 98 च्या जवळ. म्हणजे महावितरण आम्हाला फुकटात तानपुरा पुरवत होतं, किंचित चढा. अमेरिकेत वीज 60 ची, तिथल्या अण्णांना वेगळी पट्टी घ्यावी लागेल.

चार्जरची पिन काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की गुणगुण बंद. लावली की चालू. शिवाय चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवला की मुंग्या यायच्या. ते आम्ही इतकी वर्षं लॅपटॉपचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं. वायरमन आला, सॉकेट उघडलं, टेस्टर लावला आणि म्हणाला, “मॅडम, अर्थिंगची वायर हाय, पण खाली गेलेलीच नाही ओ.” असल्या चार्जरमध्ये विजेतला कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात. ते आपली किंचितशी गळती अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग नसेल तर ती लॅपटॉपच्या अंगावर येऊन बसते, तिथून वायरीने एंप्लीत जाते, आणि एंप्लीचं तर कामच वाढवून सांगणं.

वायर खाली नेली. पण परसातला अर्थिंगचा खड्डा वैशाखात ठणठणीत. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा ओला असला तरच वीज जमिनीत नीट उतरते, तेव्हा त्यात पाणी ओतणं आलं. सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. मी बादली उचललेली पाहून सासूबाई म्हणाल्या, “गाण्यापायी पाणी जमिनीत ओतायलीस व्हय?” तडजोड झाली. भाज्या धुतलेलं पाणी आता कढीपत्त्याला एक दिवस आणि अर्थिंगला एक दिवस.

मुंग्या गेल्या, गुणगुण अर्धीच गेली. उरलेली अर्धी टीव्हीमुळे होती, आणि हे मला फार आवडलं. सेट-टॉप बॉक्सही याच एंप्लीला जोडलेला. त्याच्या केबलची बाहेरची जाळी केबलवाल्याने गल्लीत कुठेतरी जमिनीला जोडलेली, आमचा चार्जर आमच्या परसात. दोन ठिकाणची जमीन विजेच्या हिशोबाने कधी सारखी नसते. जो काही थोडा फरक असतो, तो मिटवायला प्रवाह गाण्याच्या वायरीतून वाहतो. आमच्या खोलीत जे हूं करत होतं, ते आमचं परस आणि गल्लीचा खांब यांच्यातलं न मिटलेलं देणं-घेणं होतं. यावर उपाय म्हणून काही लोक चार्जरची मोठी पिन तोडून टाकतात. गुणगुण जाते खरी, पण एखाद्या दिवशी माणूसही जाईल. त्यापेक्षा एक छोटी डबी मिळते, तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. एका गुंडाळीतला आवाज चुंबकाच्या वाटेने दुसरीत उडी मारतो, तारेला तार कुठे लागतच नाही, म्हणून मधला प्रवाह तुटतो. ती लावली आणि अण्णांचा पंचम बंद पडला. त्यांना जरा चुकल्यासारखं झालं.

मग आवाज किती ठेवायचा हे ठरवणं आलं. कॉम्प्युटरचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त एंप्लीच्या बटणाने करावं. कॉम्प्युटरने बारीक आवाज पाठवला तर एंप्ली तो वाढवताना कॉम्प्युटरच्या आतली सळसळही वाढवते. आणि कॉम्प्युटरचे टिंगटाँग आधी बंद करावेत. मेल आल्याची टिंग आठ इंची स्पीकरवर वाजते तेव्हा देवळातली घंटा बरी.

या एका बटणाने आमच्या घरात फार उलथापालथ केली. लॅपटॉपवरची सरकती पट्टी फक्त माझी होती, हेडफोन तर माझेच. मी काय ऐकते हे कोणाला कळत नव्हतं, आणि म्हणून कोणाला त्याबद्दल मतही नव्हतं. एंप्लीचं बटण खोलीत आहे, कमरेच्या उंचीवर, येता-जाता कोणाच्याही हाताला लागेल असं. सासूबाई फोन आला की ते खाली करतात आणि फोन संपल्यावर विसरतात. मुलगा वर करतो. अण्णा काही न बोलता गाणंच बदलायला लावतात. माझी आवडनिवड आता चव्हाट्यावर आहे आणि तिला नावं ठेवणारे तीन जण घरातच आहेत.

शिवाय गल्ली आहेच. फुकटातली गाणी लावली की मध्ये जाहिराती येतात, आणि त्यांचा आवाज गाण्यापेक्षा चढा वाटतो. परवा गादीची जाहिरात अशी काही घुमली की शेजारचे काका कुंपणाशी आले. “गाद्या घ्यायलाव काय ओ?”

नाही, नुसतं गाणं चाललंय, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जरा घुटमळले आणि मग विचारलं, “कन्नड लागतंय का त्याच्यावर? सिद्धरामेश्वरांची वचनं?”

सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत, आणि वचनं म्हणजे त्यांची कन्नड भक्तिपदं. लागतंय म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, भस्म लावूनच आले. चहा नको म्हणाले. खुर्ची स्वतःच ओढून दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये घेतली. पहिलं वचन सुरू झालं, ओळभर ऐकलं, आणि उठून बास कमी केला.